800 टक्के लाभांश म्हणजे किती? शेअर बाजारातील काही शब्द

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला. त्यामुळे आमच्या बजाजनगरात शेअरचा विषय निघाला की पहिले नाव याच कंपनीचे घेतले जाते. आर्थिक वर्ष 2023-24 साठी या कंपनीने 800 टक्के लाभांश दिला. हे ऐकून नवख्या माणसाला वाटते, लाखाचे आठ लाख झाले! म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी पैसे गुंतविण्याआधी या धंद्याची भाषा समजून घ्यावी.

शेअर म्हणजे समभाग, कंपनीच्या मालकीतला हिस्सा. दोघे-तिघे मिळून दुकान टाकतात तशी ही शिरकतच आहे, फक्त भागीदार लाखो. कंपनीचे कर्ज तुमच्या घरादारावर येत नाही. घातलेली रक्कम मात्र पूर्ण जाऊ शकते.

प्रत्येक शेअरची एक दर्शनी किंमत असते. बजाज ऑटोची ती 10 रुपये आहे. बाजारभाव वेगळा, एप्रिल 2024 मध्ये तो 9 हजारांच्या आसपास होता. लाभांशाची टक्केवारी मोजतात ती दर्शनी किंमतीवर. म्हणजे 800 टक्के याचा अर्थ शेअरमागे 80 रुपये. त्या भावाने शेअर घेणाऱ्याला शेकडा एक रुपयाही पडत नाही. बाकी कमाई भाव वाढला तरच, आणि भाव उतरतोही.

बोनस शब्दानेही लोक हुरळतात. याच कंपनीने 2010 मध्ये एकास एक बोनस दिला होता. एका शेअरचे दोन होतात, पण त्याच हिशेबाने भावही निम्म्यावर येतो. थानाचे दोन तुकडे केले म्हणून कापड वाढत नाही.

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातील 30 मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक. तो चढला म्हणजे तुमची कंपनी चढलीच असे नाही.

डीमॅट म्हणजे शेअर ठेवण्याचे खाते. 1996 च्या कायद्यानंतर कागदी प्रमाणपत्रे मागे पडली. दलाल सेबीकडे नोंदलेला आहे ना, हे आधी पाहावे.

आता सांभाळण्याचे शब्द. ‘शॉर्ट’ म्हणजे जवळ नसलेला शेअर आधी विकणे. जो माल कब्जात नाही तो विकणे दुरुस्त नाही, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. ‘मार्जिन फंडिंग’ म्हणजे दलालाकडून उधारी, आणि तिच्यावर सूद लागते. ‘फ्युचर-ऑप्शन’चे म्हणाल तर, सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार त्याआधीच्या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या शंभरातील 93 सामान्य लोकांना तोटा झाला. आमच्या मते हा सरळ सट्टा आहे.

दारू, जुगार, सूदी बँका अशा कंपन्या वगळून, कर्जाचे प्रमाण तपासून निवडलेल्या कंपन्यांचा ‘निफ्टी 50 शरिया’ निर्देशांक आहे. त्या यादीवरून सुरुवात सोपी जाते. शंका असल्यास जाणकार आलिमांना विचारावे.

शरियतची चाळणी लावली तरी धंद्याची जोखीम उरतेच. पैठण रस्त्यावर चितेगावला ज्यांचा मोठा कारखाना, त्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजवर 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा वेळी कामगार, बँका व इतर घेणेकरी यांची देणी आधी भागवतात, आणि शेअरधारकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो.