नाव बदलावे की नवे खाते उघडावे?

नाशिकच्या मेन रोडवर, भांडी बाजारात किंवा रविवार कारंजा परिसरातील पेढ्यांवर संगणक बहुधा ज्याने तो प्रथम सुरू केला, त्याच्याच नावाने वर्षानुवर्षे चालत राहतो. कधी ते नाव काम सोडून गेलेल्या मुनिमांचे असते, कधी दिवंगत वडिलांचे. पुढची पिढी गादीवर बसते, दुकानाची पाटी आणि बँकेतील सह्या बदलतात. संगणक मात्र रोज सकाळी जुन्याच नावाने उघडतो. ते बदलावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या किरकोळ दिसणाऱ्या कामात पेढीचे हिशेब गुंतलेले असतात. म्हणून त्याची रीत आधी समजून घेणे हिताचे.

विंडोज प्रणालीत एकाच व्यक्तीची ओळख तीन ठिकाणी नोंदलेली असते. पहिली, प्रवेशाच्या पडद्यावर दिसणारे नाव. दुसरी, सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ या फोल्डरमध्ये त्या व्यक्तीसाठी तयार झालेले स्वतंत्र दालन. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सारे त्यातच असते. तिसरी, संगणकाने अंतर्गत दिलेला एक लांबलचक क्रमांक. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर पडद्यावरील नाव म्हणजे पासबुकावरील नाव, अंतर्गत क्रमांक म्हणजे खाते क्रमांक आणि फोल्डर म्हणजे त्या खात्याचे खतावणीतील पान.

कंट्रोल पॅनलमधून नाव बदलले, की फक्त पडद्यावरील नाव बदलते. फोल्डर प्रथम जसा तयार झाला, तसाच राहतो. संगणक मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला असेल, तर फोल्डरला ईमेल पत्त्याची पहिली पाचच रोमन अक्षरे मिळतात. पत्ता ‘महावीर’ने सुरू होत असेल, तर फोल्डर ‘महाव’ एवढ्यावरच थांबतो! अनेकांना तेच खटकते.

मग त्या फोल्डरचेच नाव थेट बदलले तर? विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रत्येक अंतर्गत क्रमांकासमोर त्याच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. फोल्डरचे नाव बदलले आणि ती नोंद तशीच राहिली, तर संगणकाला आपले दालन सापडत नाही. तो कोरा डेस्कटॉप उघडतो किंवा तात्पुरते प्रोफाइल देतो. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये दिवसभर केलेले काम साइन आउट करताच पुसले जाऊ शकते. रजिस्ट्रीतील नोंद दुरुस्त केली, तरी अनेक प्रोग्राम, शॉर्टकट आणि बॅकअपच्या सूचना जुन्याच पत्त्यावर फाइल शोधत राहतात. पाटी बदलली, पण उधारीवाले, हुंडीवाले जुन्याच दारी येत राहिले, अशी ती अवस्था होते.

येथे बँकेची जुनी शिस्त उपयोगी पडते. एकल मालकीच्या पेढीचा मालक निवर्तला, तर त्याच्या चालू खात्यावरील नाव खोडून मुलाचे नाव लिहीत नाहीत. मुलाच्या नावे नवे खाते उघडले जाते, दावा मंजूर झाल्यावर शिल्लक वळवली जाते आणि जुने खाते रीतसर बंद होते. संगणकातही हाच मार्ग सुरक्षित आहे.

प्रथम संपूर्ण माहितीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मग ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ विभागात हव्या त्या नावाने नवे स्थानिक खाते उघडून त्यास ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावेत. नव्या खात्यात प्रवेश करून जुन्या डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स यांतील फाइल तेथे आणाव्यात. टॅलीची माहिती नेमकी कोठे साठवली जाते, ते टॅलीतच पाहून घ्यावे. ती ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये असेल, तर तिला धक्का लागत नाही. जुन्या मालकाच्या दालनात असेल, तर हलवून नवा पत्ता टॅलीस कळवावा. ब्राउझरमधील पासवर्ड आणि ईमेलचा साठा स्वतंत्रपणे तपासावा.

जुने खाते घाईने काढू नये. विंडोजमध्ये खाते काढताना त्यातील माहितीही सोबत नष्ट होऊ शकते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. एका चुकीच्या बटणाने गेलेला रोजमेळ परत लिहिता येत नाही. विवरणपत्रांच्या दोन-तीन फेऱ्या नव्या खात्यातून निर्वेध पार पडल्यावरच जुन्याचा विचार करावा.

केवळ सकाळचे नाव खटकत असेल, तर पडद्यावरील नाव बदलून थांबावे. फोल्डरचे नाव ग्राहकाला दिसत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक पेढ्यांवर नवे संगणक येत आहेत. नाव योग्य ठेवण्याची हीच वेळ. खाते प्रथम स्थानिक स्वरूपात उघडता आले, तर लहान, रोमन अक्षरांतील, मोकळी जागा नसलेले नाव द्यावे. देवनागरी नाव चालते, पण काही जुन्या प्रोग्रामना तो पत्ता वाचता येत नाही. पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, म्हणजे एक जण गेला तरी दुसऱ्याच्या वहीला हात लावावा लागणार नाही.