'ढ' कोण?

तोंडी हिशेब झटकन सांगणारा, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी रंगवणारा, पण पुस्तक हाती येताच अडखळणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. 'घर'चे 'धर' होते, जोडाक्षरापाशी वाणी खुंटते. वर्ग हसतो, गुरुजी रागावतात आणि पोरावर 'ढ' हा शिक्का बसतो. ज्याला अक्षरे लागत नाहीत, त्याच्या कपाळी आपण एक अक्षरच डकवतो!

आरंभी अशा चुका सर्वच मुले करतात. सराव होऊनही त्या टिकून राहिल्या, तर मात्र डिस्लेक्सियाची शंका घ्यावी. यात बुद्धी शाबूत असते. बोलीतला ध्वनी आणि कागदावरची खूण यांची सांगड घालणे तेवढे जड जाते. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 1896 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशाच एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. शिक्षण सारे तोंडी असते तर हा शाळेत अग्रेसर ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आमच्या वर्गांतून मात्र छडीची जागा टोमण्याने घेतली, एवढाच काय तो फरक!

कायदा मागे राहिलेला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली. ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजावेत, असे त्याचे सोळावे कलम बजावते. व्यवहारात मात्र पालकांची धावपळ सुरू होते ती शालान्त परीक्षेच्या तोंडावर, जादा वेळ आणि लेखनिक मिळवण्यासाठी. सवलत हवीच, पण दहावीतील सवलत ही दुसरीत न मिळालेल्या शिकवणीची भरपाई नव्हे.

ती शिकवणी कशी असावी? आपली लिपी उच्चारानुसारी, म्हणून वाचन आपोआप येते, हा समज अपुरा आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चार मागून होतो. 'सूर्य'मधला र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, 'प्रकाश'मध्ये तोच पायाशी जातो. नुसती बाराखडी घोकून हे उलगडत नाही. आधी कानाला ध्वनी सुटे ऐकू यावेत: टाळी वाजवीत क-म-ळ म्हणावे. मग थोडीच अक्षरे घ्यावीत. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नयेत. शिकलेल्या अक्षरांचे लगेच शब्द करावेत. मात्रा एकेक, जोडाक्षरे फोडून, आणि कालचा धडा आज पुन्हा. तोंडाने उच्चारीत, बोटाने वाळूत गिरवावे. आमच्या वाडवडिलांची धूळपाटी याहून वेगळी काय होती?

या पद्धतीने इतर मुलांचा वेळ फुकट जातो, ही भीती निराधार आहे. क्रमवार आणि उघड करून दाखवलेले वाचन साऱ्याच वर्गाचे पक्के होते. डिस्लेक्सियाच्या मुलाला ते अधिक काळ आणि अधिक सावकाश लागते, इतकेच. त्याला अवचित उभे करून वाचायला लावू नये. उतारा आदल्या दिवशी द्यावा, सोबत्याबरोबर वाचू द्यावा. कोणाला चष्मा लागतो, तसा कोणाला वाचायला वेळ लागतो, हे सोबत्यांना एकदा नीट सांगितले की ते हसत नाहीत, मदत करतात.

गोव्यात तर देवनागरी आणि रोमी अशा दोन लिपींचे ओझे कोवळ्या वयातच पडते. खेड्यातील कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत पटसंख्या थोडी आहे. तीच संधी मानली, तर प्रत्येक मुलाचे वाचन रोज पाच मिनिटे ऐकणे शिक्षकाला अशक्य नाही. त्यासाठी त्याला प्रशिक्षण द्यावे आणि त्याच्या माथ्यावरची कागदी कामे उतरवावीत. ही जबाबदारी शिक्षण खात्याची आहे.

पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या सभामंडपांतून आणि घरांच्या ओसरीवर मराठी शाळा चालल्या, त्या अक्षर हा सर्वांचा हक्क आहे या श्रद्धेने. 1961 साली गोवा मुक्त झाला. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे मूल आपल्या बळावर एक पान वाचील, तेव्हाच त्या श्रद्धेचे ऋण फिटेल.