बेल्ट ओरडतो म्हणून बेल्टच बदलायचा?

सकाळी गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून कर्कश आवाज आला, की गॅरेजपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच निदान ऐकू येतं : ‘बेल्ट गेला, बदलून टाका.’ लगेच खर्च करायचा नसेल तर त्याला जोडून दुसरा सल्ला मिळतो : ‘साबण चोळा, नाहीतर स्प्रे मारा, आवाज बंद होईल.’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. यातला पहिला सल्ला अर्धवट आहे आणि दुसरा सरळसरळ घातक. आवाज बेल्टवर येतो हे खरं, पण त्याचं कारण अनेकदा दुसरीकडे असतं : सैल पडलेल्या टेन्शनरमध्ये, तिरक्या बसलेल्या पुलीत, झिजलेल्या बेअरिंगमध्ये किंवा वरून ठिबकणाऱ्या कूलंटमध्ये. कारण न शोधता बेल्ट बदलणं म्हणजे दोष तसाच ठेवून फक्त त्याची तारीख पुढे ढकलणं.

हा पट्टा करतो काय, ते आधी पाहू. इंजिनच्या क्रँक पुलीची गती तो अल्टरनेटर आणि एसीच्या कॉम्प्रेसरला देतो. अनेक गाड्यांत वॉटर पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंपही त्याच्यावरच चालतो. त्याच्या आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने धाऱ्या असतात आणि पुलीवर तशाच खाचा. आडवे दाते कुठेच नसतात, त्यामुळे सगळी मदार घर्षणावर. ही पकड किती राहील ते तीन गोष्टींवर ठरतं : रबर आणि धातू यांच्यातलं घर्षण, बेल्टचा ताण आणि पुलीभोवती पडलेला वेढा. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच याचं सूत्र मांडलं आहे. अल्टरनेटरची पुली लहान, तिच्याभोवतीचा वेढा बऱ्याचदा कमी आणि तिच्यावरचा भार मोठा. १४ व्होल्टला ८० अँपिअर द्यायचे म्हणजे ११२० वॅट झाले. अल्टरनेटरची कार्यक्षमता धरली तर बेल्टला त्यासाठी जवळजवळ २ किलोवॅट ओढावे लागतात. म्हणून पकड कमी पडली की बेल्ट बहुधा तिथेच आधी घसरतो. घसरताना तो सलग सरकत नाही. क्षणभर चिकटतो, क्षणभर सुटतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. फळ्यावर उभा धरलेला खडू ओरडतो तो याच कारणाने, आणि खडू बदलला तरी धरायची पद्धत तीच असेल तर तो पुन्हा ओरडतो.

म्हणूनच ‘आवाज येतो’ एवढ्यावर निदान होत नाही. तो कसा येतो आणि कधी येतो, ते ऐकावं लागतं. गाडी सुरू केल्यावर, एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर लांबलचक किंचाळी येत असेल, तर भार वाढताच बेल्ट घसरतो आहे. अशा वेळी संशय ताणावर, म्हणजे टेन्शनरवर घ्यायचा. बेल्ट झिजलेला किंवा ओला-तेलकट आहे का, तेही पाहायचं. गाडी जागेवर उभी असताना ठरावीक तालात ‘चिक-चिक’ होत असेल, तर एखादी पुली बाकीच्यांच्या रेषेत नसण्याची शक्यता मोठी. बेल्ट दर फेरीला तिच्या खाचेत तिरका शिरतो आणि कडेला घासतो. सतत घरघर येत असेल आणि वेगाबरोबर ती वाढत असेल, तर ते बेअरिंगचं काम. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून आयडलर, टेन्शनर, वॉटर पंप अशी एकेक पुली हाताने फिरवली की बोटांना कळतं : चांगली पुली गुळगुळीत फिरते, खराब पुली खरखरते, अडते किंवा डुगडुगते.

पहिले दोन आवाज वेगळे करायला पाण्याची साधी चाचणी आहे. इंजिन चालू ठेवून, हात, बाह्या, पदर-ओढणी फिरत्या भागांपासून लांब ठेवून, स्प्रे-बाटलीने बेल्टच्या धारीच्या बाजूवर थोडं पाणी उडवायचं. आवाज वाढला तर दोष ताणाचा : पाण्याने घर्षण घटलं आणि आधीच सैल असलेला बेल्ट आणखी घसरला. आवाज थांबला आणि बेल्ट सुकल्यावर परत आला तर दोष रेषेचा : तिरक्या घासण्याला पाण्याने तेवढ्यापुरतं वंगण मिळालं. गेट्स आणि डेको या बेल्ट बनवणाऱ्या कंपन्याही मेकॅनिकना हीच चाचणी शिकवतात. ‘पाणी मारलं, आवाज थांबला, म्हणजे बेल्ट वाळलाय, बदला’ असा तिचा अर्थ आपल्याकडे सर्रास लावला जातो. तो उलटा आहे. थांबलेला आवाज पुलीकडे बोट दाखवतो आणि आपण बेल्टचं बिल भरतो.

पुली तिरकी असायला अपघातच व्हावा लागतो असं नाही. बेल्टच्या पाठीवर ‘६पीके१२००’ असं काहीतरी छापलेलं असतं : ६ धाऱ्या, पीके जातीचा आकार, १२०० मिलिमीटर लांबी. पीके बेल्टच्या दोन धाऱ्यांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं. घाईत बेल्ट एका पुलीवर एक खाच सरकून बसला, तर तो लगेच साडेतीन मिलिमीटर रेषेबाहेर जातो. कोरा करकरीत बेल्ट मग पहिल्या दिवसापासून चिकचिकतो आणि काही काळाने त्याच्या कडेचे धागे सुटतात. यावर ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून तिसरा बेल्ट आणला जातो. टॉर्च घेऊन प्रत्येक पुलीवरच्या खाचा पाहिल्या असत्या, तर हे दोन मिनिटांत कळलं असतं.

यावर मिस्त्री मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो : ‘बेल्ट बदलला की आवाज जातो, हे आम्ही रोज बघतो.’ जातो, हे मान्य. झिजलेल्या बेल्टच्या बाबतीत तो कायमचाही जातो, कारण तिथे दोष खरंच बेल्टचा असतो. इतर वेळी तो जातो कारण नव्या रबराची पकड जास्त असते, धाऱ्या भरीव असतात आणि हाताने ताण द्यायच्या गाड्यांत बेल्ट बसवताना ताणही नव्याने दिला जातो. थकलेल्या स्प्रिंगचा टेन्शनर किंवा वाकडी पुली एवढ्याने दुरुस्त होत नाही. नवेपणा ओसरला की आवाज परत येतो आणि दरम्यान नवा बेल्टही खराब झालेला असतो. दुसरा आक्षेप पैशाचा : बेल्ट स्वस्त, तपासणीला वेळ जातो. पण वर सांगितलेलं सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. त्याउलट, दुर्लक्षिलेलं बेअरिंग घाटात जाम झालं आणि बेल्ट तुटला, तर अल्टरनेटर थांबतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होतं, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापतं. ही बचत कसली?

साबण, मेण, ग्रीस आणि स्प्रे यांबद्दल मात्र सबुरीने बोलणं कठीण आहे. ज्या बेल्टचं सगळं काम घर्षणावर चालतं, त्यावर वंगण लावायचं हा विचारच उलटा आहे. किंचाळी थांबते, पण घसरणं वाढतं; अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, बॅटरी भुकेली राहते आणि घसरणारा बेल्ट तापून लवकर संपतो. आजचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. उष्णता आणि ओझोन हे रबर उत्तम सोसतं, पण खनिज तेल त्याला चालत नाही. तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणजे तेलकट स्प्रे आवाजाबरोबर बेल्टही संपवतो. चिकट ‘बेल्ट ड्रेसिंग’ पकड वाढवतं खरं, पण रस्त्यावरची धूळ धरून ठेवतं आणि तीच धूळ पुढे धाऱ्या कातरते.

आता उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट ठीक.’ हा नियम जुन्या निओप्रीन बेल्टचा. ईपीडीएमला भेगा क्वचितच पडतात, त्याच्या धाऱ्या टायरसारख्या झिजतात आणि ती झीज गेजने मोजावी लागते.

‘जितका ताण, तितकं चांगलं.’ जादा ताणाने अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं अकाली जातात. मारुती ८०० सारख्या हाताने ताण द्यायच्या गाड्यांत ही चूक सोपी आहे.

‘टायमिंग बेल्ट ओरडतोय.’ तो दात्यांचा असतो आणि झाकणाआड चालतो. असा घसरण्याचा आवाज त्याचा नसतो.

‘पावसाळ्यात आवाज यायचाच.’ ओलाव्याने सुरुवातीचे काही सेकंद आला तर समजू शकतं. रोज आणि लांबत गेला तर ताण तपासा.

‘डिझेलमध्ये बेल्ट थरथरतोच.’ अल्टरनेटरची क्लचवाली पुली जाम झाली की टेन्शनरचा हात असा हादरतो. ती बदलावी लागते.

गॅरेजमध्ये म्हणूनच एक प्रश्न विचारायला शिका : ‘आवाज कुठल्या पुलीवर येतोय, आणि का?’ उत्तर मिळालं आणि त्यात बेल्टच दोषी ठरला, तर खुशाल बदला. उत्तर नसेल तर पैसे बेल्टवर नव्हे, आधी तपासणीवर खर्च करा. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो टॉर्च उचलतो.