नगर-बीड-परळी: रूळ आले, आता वेळापत्रक हवं

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीड शहराला पहिली प्रवासी रेल्वेगाडी मिळाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बीड-अहिल्यानगर डेमूला हिरवा झेंडा दाखवला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार आणि मंत्री पंकजा मुंडे हजर होते. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे यावी म्हणून खासदार केशरकाकू क्षीरसागरांच्या काळापासून मागणी होत होती. पुढे गोपीनाथ मुंडे यांनी ती दिल्लीपर्यंत लावून धरली. आनंद खरा होता आणि रास्तही होता. पण रेल्वे आली म्हणजे नेमकं काय आलं आणि काय यायचं राहिलं, हे समजून घेतलं नाही तर पुढची मागणी नीट करता येणार नाही.

मार्ग कसा आहे

संपूर्ण मार्ग अहिल्यानगर-बीड-परळी वैजनाथ असा २६१ किलोमीटरचा, ब्रॉडगेज. दौंड-मनमाड मार्गावरच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, स्थानकातून तो फुटतो आणि नारायणडोह, सोलापूरवाडी, कडा, आष्टी, अंमळनेर, रायमोहा, राजुरी करत बीडला पोचतो. पुढे वडवणी, तेलगाव, सिरसाळा या बाजूने परळी. हे अंमळनेर पाटोदा तालुक्यातलं, जळगावचं नव्हे.

बीड जिल्ह्यात रेल्वे कधी नव्हतीच असं सर्रास म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. परळी आणि घाटनांदूर ही स्थानकं जुनी आहेत आणि जिल्ह्याच्या पूर्व टोकाला गाडी पूर्वीपासून येते. नव्हती ती बीड शहराला, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पश्चिमेच्या तालुक्यांना. नगरच्या बाजूने आलेली ही रेघ परळीला जाऊन मिळेल तेव्हा पुणे-नगरकडून मराठवाड्याच्या पोटातून थेट पूर्वेकडे जाणारा नवा रस्ता तयार होईल. या मार्गाची खरी किंमत त्या जोडणीत आहे. नगर ते बीड एवढ्यावर तो थांबला तर तो एका फांदीसारखाच राहील.

तीस वर्षं कशात गेली

प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९९५ च्या सुमारास, तेव्हाचा अंदाजित खर्च साधारण ३५३ कोटी रुपये. आजचा सुधारित आकडा आहे सुमारे ४,८०५ कोटी, म्हणजे तेरापटीहून जास्त. यात महागाईचा भाग आहे, जमिनीच्या बदललेल्या मोबदल्याचा आहे, पण मोठा भाग निव्वळ उशिराचा आहे. दरवर्षी अर्थसंकल्पात थोडी रक्कम टाकून प्रकल्प जिवंत ठेवायचा, काम मात्र पुढे सरकू द्यायचं नाही, अशी कितीतरी वर्षं गेली. नंतर निम्मा खर्च राज्य सरकारने आणि निम्मा रेल्वेने करायचा असं ठरलं आणि तिथून कामाला खरी गती आली. ही वाटणी झाली नसती तर आष्टीदेखील अजून रुळांची वाट पाहात बसली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीचा प्रश्न समजून घ्यायला हवा. रस्त्याला वळण देता येतं, चढही घेता येतो. रेल्वेला दोन्ही बेतानेच घ्यावे लागतात, म्हणून नगरकडून बीडकडे येताना बालाघाटच्या पठारावर डोंगर कापावे लागतात, भराव टाकावे लागतात, नदी-ओढ्यांवर पूल बांधावे लागतात. आणि पट्टी सलग लागते. मधल्या एका गावातला एक गट ताब्यात आला नाही तर अलीकडे-पलीकडे तयार झालेलं मातीकाम तसंच पडून राहतं. नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा बरा मोबदला मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. खर्च मात्र त्याने वाढला, आणि तो वाढलेला खर्च शेतकऱ्याच्या नावावर मांडणं अन्यायाचं आहे. नव्वदच्या दशकात जमीन घेतली असती तर आकडा वेगळा असता, आणि ती वेळेत न घेणारा शेतकरी नव्हता.

‘ट्रायल झाली’ म्हणजे काय झालं

या मार्गावर लोकांची सगळ्यात जास्त निराशा इथे झाली. वर्तमानपत्रात ‘चाचणी यशस्वी’ अशी बातमी येई, इंजिनासोबत लोकांचे फोटो निघत, आणि मग महिनोन्‌महिने काहीच होत नसे.

सोलापूरवाडीपर्यंत चाचणी झाली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. आष्टीपर्यंत वेगाची चाचणी झाली २९ डिसेंबर २०२१ ला. नगर ते न्यू आष्टी या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी सुरू झाली २३ सप्टेंबर २०२२ रोजी. म्हणजे आष्टीत इंजिन पोचल्यावरही प्रवाशाला जवळपास नऊ महिने थांबावं लागलं. त्यानंतर गाडी टप्प्याटप्प्याने अंमळनेरकडे सरकली आणि शेवटी बीडला आली.

मधल्या काळात काय चालतं? रूळ जोडले की खडी भरून, दाबून मार्ग घट्ट केला जातो. सिग्नल, सांधे बदलण्याची यंत्रणा, फाटकं, फलाट यांची कामं उरलेली असतात. मग रेल्वे सुरक्षा आयुक्त मार्ग तपासतात. हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ज्यांनी मार्ग बांधला त्यांनीच तो सुरक्षित असल्याचं सांगू नये, हा त्यामागचा विचार. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार ही तपासणी आणि मंजुरी झाल्याशिवाय नव्या मार्गावर प्रवासी नेता येत नाहीत. मंजुरी देताना वेगावर मर्यादा घालता येते. नवा भराव पावसाळे खाऊन बसतो, तोवर ही काळजी घ्यावीच लागते.

तेव्हा चाचणीची बातमी वाचली की पुढचा प्रश्न विचारावा: आयुक्तांची तपासणी झाली का, आणि किती वेगाला मंजुरी मिळाली? ही दोन उत्तरं कळली की बाकीच्या घोषणांचं वजन आपोआप कळतं.

गाडी कुठून येते

मार्ग तयार असून गाडी नाही, ही अडचण जगभर दिसते. पण तिची तऱ्हा दोन प्रकारची असते. मेट्रोमध्ये गाड्या त्या मार्गासाठीच मागवलेल्या असतात. मुंबईच्या २ अ आणि ७ या मार्गिकांच्या गाड्या बंगळुरूच्या बीईएमएलने बनवल्या, पुण्याच्या हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिकेच्या गाड्या आंध्रातल्या श्रीसिटीच्या अल्स्टॉम कारखान्यातून. तिथे कारखान्यातून गाडी उशिरा निघाली की सगळा मार्ग अडतो.

बीडच्या मार्गासाठी कुणी खास गाडी बनवत नाही. मध्य रेल्वेकडे असलेल्या गाड्यांपैकीच एक इकडे वळवावी लागते. रेल्वेच्या भाषेत तिला रेक म्हणतात. रेक म्हणजे नुसते डबे नव्हेत. तिच्यासाठी देखभालीची जागा लागते, डिझेल लागतं, नवा मार्ग शिकून घेतलेले लोको पायलट आणि गार्ड लागतात. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. मार्ग एकेरी असल्याने समोरासमोरच्या गाड्या फक्त स्थानकावरच एकमेकींना ओलांडू शकतात, म्हणून दुसरी रेक आणली तरी वेळापत्रक नव्याने बसवावं लागतं.

इकडे आलेली गाडी डेमू, म्हणजे डिझेलवर वीज तयार करून तिच्यावर मोटारी फिरवणारी. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे इंजिन फिरवून लावण्यात वेळ जात नाही. लहान मार्गाला ती सोयीची. पण गाडी एकच असली की काय होतं, हे आष्टीकरांना कळलं आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून नगरला निघालेल्या डेमूला वाटेत आग लागली आणि पाच डबे जळाले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पर्यायी रेक जवळ नसलेल्या मार्गावर असा एक प्रसंगही साऱ्या सेवेला धक्का देऊ शकतो.

याच मराठवाड्यात, लातूरला, रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा आहे. मार्च २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. दोन वर्षं नऊ महिन्यांत कारखाना उभा राहू शकतो, हे या मार्गाच्या तीस वर्षांकडे पाहताना विसरू नये.

शेजारच्या बार्शीचं उदाहरण

बीडच्या दक्षिणेला एकेकाळी बार्शी लाइट रेल्वे धावत होती, अडीच फुटी नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये तिच्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला २१ मैलांचा टप्पा सुरूही झाला. पुढे ती एका अंगाला पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली, दुसऱ्या अंगाला १९११ मध्ये लातूरपर्यंत.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कॅलथ्रॉपने इंजिनं आणि डबे भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे छोटा मार्ग घालून तपासून पाहिले होते. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये अशी त्यांची रचना होती, म्हणून रूळ हलके चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. म्हणजे मार्गाचा आणि गाडीचा विचार एकत्र झाला होता. मार्ग छोटा होता, हेतू व्यापारी होता, जमिनीचे कायदे वेगळे होते, आजच्या ब्रॉडगेजशी त्याची सरसकट तुलना होणार नाही. पण रूळ संपण्याआधी गाडी ठरलेली असावी, हा धडा आजही लागू पडतो.

साडेपाच तासांचं गणित

सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी नगरहून सकाळी ६.५५ ला सुटे, १२.३० ला बीडला पोचे, दुपारी १ ला परत निघे आणि संध्याकाळी ६.३० ला नगरला येई. रविवारी सुट्टी. अंतर १६७ किलोमीटर, वेळ साडेपाच तास, म्हणजे सरासरी ताशी तीस किलोमीटर. एसटी याहून बराच कमी वेळ घेते.

या वेळापत्रकात वेगापेक्षाही मोठी अडचण होती ती दिशेची. बीडच्या माणसाला नगरला दवाखान्यात, कॉलेजात किंवा कचेरीत काम असेल तर तो संध्याकाळी तिथे पोचे, मुक्काम करे आणि दुसऱ्या दिवशी कचेऱ्या उघडायच्या आतच त्याला परतीची गाडी पकडावी लागे. नगरच्या माणसाला बीडमध्ये मिळे अर्धा तास. तिकीट स्वस्त होतं, पण त्या तिकिटावर कामाचा दिवस बसत नव्हता. गाडी रिकामी धावते म्हणून पुढे कुणी सेवा कमी करायचं म्हणाला, तर त्याला हे वेळापत्रक दाखवावं.

परळीपर्यंतचं उरलेलं

उद्घाटनाच्या दिवशी उरलं होतं ते बीड ते परळी, सुमारे ९४ किलोमीटर. तीस वर्षांत १६७ म्हणजे वर्षाला सरासरी साडेपाच किलोमीटर. या जुन्या गतीने उरलेल्याला आणखी सतरा वर्षं लागतील. अलीकडची गती याहून खूपच चांगली आहे, तीच टिकायला हवी. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, तिथून पुढे लातूर, विकाराबाद आणि परभणीकडे जाणारे रूळ तयार आहेत. जोडणी झाली की एकाच मार्गाने कोळशाला आणि यात्रेकरूंना वाट, आणि बीडच्या कापूस-सीताफळाला बाजार मिळू शकतो.

आता काय मागायचं

‘रेल्वे द्या’ ही मागणी पूर्ण झाली. यापुढच्या मागण्या नेमक्या हव्यात. बीडहून पहाटे सुटणारी आणि रात्री परत येणारी गाडी, त्यासाठी बीडला रेक रात्री उभी ठेवण्याची सोय, दुसरी राखीव रेक, आणि नगरला पुण्या-मुंबईच्या गाडीशी जुळणारी वेळ. परळीच्या टप्प्यासाठी गाडी कोणती आणि कुठून येणार, हे काम चालू असतानाच विचारायला हवं. विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीपुढे आणि खासदारांकडे हे लेखी द्यावं. कडा, आष्टी, रायमोहा आणि बीडच्या प्रवाशांनी वेगवेगळी निवेदनं न देता एकच वेळापत्रक तयार करून त्यावर सह्या कराव्यात.