मोडक्या चौरंगाची मजुरी

जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला देऊन टाका!" मग पाय लुळा झालेला चौरंग, पाळण्याच्या बाजू, खिडक्यांची झडपं, शिवणयंत्राचा लोखंडी स्टँड असं सगळं टेम्पोत चढतं. लोखंडाला निदान किलोवर भाव मिळतो, लाकूड मात्र चुलीत जातं. मैत्रिणींनो, आमच्या कोकणात ते लाकूड बहुतेक वेळा फणसाचं नाहीतर सागाचं असतं. आणि त्या जागी दुकानातून आपण काय आणतो? भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं कपाट. एकदा पाणी लागलं की पाव फुगावा तसं फुगतं.

सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात बचत गटातल्या आम्ही सात जणी गेली तीन वर्षं असं टाकलेलं सामान विकत घेतो, दुरुस्त करून रंगवतो आणि विकतो. सुरुवातीला घरोघरी एकच प्रश्न, "ह्या भंगार कित्याक हाडलंस गो?" आता तेच लोक सुनेच्या माहेरचा जुना पाळणा दाखवायला येतात.

रंगवलेलं लाकूड आमच्या मुलखाला नवीन नाही. सावंतवाडीची चितार आळी, तिथली लाकडी खेळणी, फळं, पाट, चौरंग सगळ्यांना ठाऊक आहेत. गंजिफाचे गोल पत्ते तर जवळजवळ संपलेच होते. १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्याने ती कला पुन्हा उभी केली. चिंचोक्याच्या खळीचा थर, वर रंग, शेवटी लाखेचा हात, ही कारागिरी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची. म्हणून आमचं काम आम्ही 'सावंतवाडीचं' म्हणून कधी विकत नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला? आम्ही काढतो ती आपल्या हाताला सवयीची नक्षी. रांगोळीची वेलबुट्टी, अबोलीचा गजरा, केळीचं पान. ज्या हाताने दारात ठिपक्यांची रांगोळी सरळ येते, त्याला ब्रश जड जात नाही.

आता थोडं कामाचं. जुनं सामान घेताना आधी ते उलटं करून बघा. पाय, सांधे, खालची बाजू. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर वस्तू काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवून द्या. कागदावर पिठासारखा भुसा पडला, म्हणजे आत कीड अजून जिवंत आहे. अशी वस्तू घरातल्या दुसऱ्या लाकडाजवळ ठेवू नका. वाळवीने पोकळ केलेलं तर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळंच रंगवायचं नसतं. शिसवीची पेटी किंवा सागाचा चांगल्या रेषांचा पाट हाती आला तर त्यावर ऑइलपेंट फासणं मला पाप वाटतं. तो घासून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात द्यावेत, बस्स. रंग द्यावा तो जोडकाम केलेल्या, डागाळलेल्या, दोन जातींचं लाकूड असलेल्या वस्तूंना.

आणि हे मात्र नीट वाचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर नियम आले २०१६ मध्ये, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असलेला रंग बनवायला बंदी झाली. त्याआधी रंगवलेला पाळणा कोरडा घासला, की ती धूळ उडते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. म्हणून जुना रंग पाण्याचा काचपेपर घेऊन ओला करूनच घासायचा, खाली प्लास्टिक पसरायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि मुलं व गरोदर बायका त्या बाजूला फिरकायला नकोत. काम झालं की अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे. मुलांच्या पाळण्याला जुना रंग असेल तर आम्ही तो पाळणा म्हणून परत विकतच नाही. त्याच्या बाजू भिंतीवर टांगून कपड्यांच्या खुंट्या करतो.

रंगाचा मुहूर्त म्हणाल तर एप्रिल-मे. पावसाळ्यात आमच्याकडे हवाच इतकी ओली की ऑइलपेंट दिवसेंदिवस चिकट राहतो.

पण खरी अडचण रंगाची नव्हतीच, हिशोबाची होती. आमच्यातली एक ताई आधी काजूच्या कारखान्यात जायची. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघालेली. नवरा गेल्यावर घर तिच्यावर, मुलगी नर्सिंगला. तिची नक्षी आम्हा सगळ्यांत सरस. पहिल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या प्रदर्शनात तिचा चौरंग एका बाईंनी घासाघीस करून ४५० रुपयांना नेला. ताई खुश! रात्री मी तिला वहीत लिहायला लावलं. चौरंग घेतला १५०, सुताराने पाय बसवले १००, काचपेपर-प्रायमर-रंग-लाख १३०. झाले ३८०. उरले ७०. मग तास मांडले. घासायला तीन, प्रायमर आणि पुन्हा घासायला दीड, रंग व नक्षी पाच, शेवटचा हात एक. साडेदहा तास! म्हणजे तासाला सात रुपयेसुद्धा नाहीत.

ती म्हणाली, "बाई, घरी बसूनच तर केलंय. त्याचे कसले पैसे?"

या वाक्यावर आमची गटात दोन बैठका भांडणं झाली. दोघींचं म्हणणं, भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. शेवटी तासाला ५० रुपये धरायचे ठरलं. ३८० आणि ५२५ मिळून ९०५, वर ब्रशची झीज आणि टेम्पो धरून चौरंग हजाराचा. पुढच्या वर्षी वीस चौरंग मांडले. लोक हात लावून पुढे जायचे, ताईचा चेहरा उतरलेला. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी विचारलं, "हजार कशाचे?" तर तिने वहीच पुढे केली. त्यांनी पान वाचलं आणि काही न बोलता पैसे काढले. वीसपैकी चौदा गेले. उरलेले सहा दिवाळीत गेले, पण भाव पाडला नाही. मुलीची त्या सहामाहीची फी ताईने स्वतः भरली.

आता तीच आम्हाला टोकते, "तास लिहिलेस काय गो?"

सध्या माझ्या खळ्यात एका शाळेने काढून टाकलेले सहा बाक पडलेत. एकावर कर्कटकाने कोरलेली नावं आहेत. ती घासायची की ठेवायची यावर गटात दोन तट पडलेत. मी ठेवण्याच्या बाजूची. ताई म्हणते, गिऱ्हाइकाला विचारू, आणि घासायचं ठरलं तर चार तास जादा लावू.