शाळा नऊला, मग निजायचं कधी?

लहान मुलांची झोप पुरी होत नाही, ही तक्रार २०२३च्या डिसेंबरात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने आदेश काढला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतरच भरवावेत. मुंबई-पुण्याइतकाच हा आदेश करमाळा तालुक्यातल्या केम गावालाही लागू आहे. निर्णय चांगलाच होता. पण सकाळी मिळालेला तास रात्री मोबाइलवर गेला, तर मुलाच्या पदरात काय पडलं?

हिशोब सोपा आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास लागतात, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२. सातला उठणारा दुसरीतला मुलगा रात्री नऊला अंथरुणात हवा.

त्यासाठी घरानेच आवरतं घ्यावं लागतं. आठपर्यंत जेवण, मग टीव्ही बंद, फोन उंच फळीवर. हातपाय धुऊन गोधडी पसरायची, मोठा दिवा मालवायचा आणि आजीने गोष्ट सुरू करायची. रोज हाच क्रम ठेवला की मेंदूला झोपेची खूण पटते. उन्हाळ्यात खोली तापत असेल तर गच्चीवर मच्छरदाणी लावा, पण वेळ मोडू नका. रविवारीसुद्धा.

मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.