मोटारीचा ताप

ताप हा रोग नव्हे, रोगाची साक्ष होय, हें प्रत्येक आई जाणते. लेंकराचें अंग तापलें म्हणजे ती कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवते. परंतु तेवढ्यानें काम झालें असें न मानतां घसा, कान, पोट यांपैकीं काय बिघडलें आहे, याचा शोध घेते. मोटारीसही असाच एक ताप येतो. त्याची परीक्षा करतांना आमची कशी चूक झाली, हें सांगितल्यास विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं उपयोग होईल, अशा हेतूनें हा लेख लिहीत आहों.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींत, इंजिनांतून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, सायलेन्सरच्या अलीकडे, पोलादी कवचाची एक पेटी असते. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तिच्या आंत मधाच्या पोळ्याप्रमाणें असंख्य बारीक छिद्रें असलेली भाजलेल्या मातीची वीट असून, छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा अत्यंत सूक्ष्म लेप असतो. हे धातू उत्प्रेरक होत. म्हणजे स्वतः खर्च न होतां इतर पदार्थांमधील रासायनिक क्रिया ते घडवून आणतात. या गुणास १८३५ सालीं स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनीं नांव दिलें. इंजिनांतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलें पेट्रोल आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांचें या पेटींत कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत रूपांतर होतें. मुंबईसह चार महानगरांत १९९५ सालापासून नव्या पेट्रोल-मोटारींस ही पेटी सक्तीची झाली. शिशामुळें लेप निकामी होतो. म्हणून तिच्याबरोबर शिसें नसलेलें पेट्रोलही आलें.

या पेटीस उष्णता हवीच. सुमारें २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतामान झाल्यावर ती काम करूं लागते, आणि चालत्या गाडींत ४०० ते ८०० अंश हें तिचें साधारण उष्णतामान होय. मात्र १००० अंशांच्या पलीकडे लेपाची शक्ति झपाट्यानें क्षीण होते; १४५० अंशांच्या सुमारास तर वीटच वितळते व धुराची वाट बुजते. अशी तापलेली गाडी वाळक्या गवतावर उभी केल्यास आग लागण्याचेंही भय असतें.

आतां ही जादा उष्णता येते कोठून? पेटीजवळ स्वतःचें इंधन नसतें. जें पेट्रोल इंजिनांत जळावयाचें, तें ठिणगी न पडल्यामुळें किंवा प्रमाणाबाहेर आल्यामुळें न जळतांच पुढें गेलें, तर तें पेटींत जाऊन जळतें. म्हणजे अंग तापतें पेटीचें, परंतु रोग असतो इंजिनांत.

गतवर्षीं आमच्या शाळेची जुनी गाडी संध्याकाळीं मुलांना पोंचवून परत आली, तेव्हां चालकासमोरील इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझांप करीत होता, आणि गाडीखालून करपल्यासारखा वास येत होता. एका गॅरेजांत दाखविली असतां, "पेटी गेली, नवी बसवा," असें उत्तर मिळालें. किंमत ऐकून आम्ही चरकलों, आणि सारा राग चालकावर काढला. "सर, आठ दिवसांपासून चढावर गाडी गचके खाते, हें मीं सांगितलें होतें," असें तो बापडा म्हणाला. परंतु आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं.

सुदैवानें मोटार-दुरुस्तीचें काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्यानें पेटीस हात लावण्यापूर्वीं चालकास बोलावून सर्व हकीकत विचारली. नंतर गाडीच्या संगणकास यंत्र जोडलें. 'पी ०३०२' हा संकेत निघाला; त्याचा अर्थ, दुसऱ्या सिलिंडरमध्यें पेट्रोल नीट पेटत नाहीं. मग त्यानें दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलींची अदलाबदल केली. गाडी थोडी चालवितांच संकेत बदलून 'पी ०३०३' झाला. दोष कॉइलीबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे गेला होता! नवी कॉइल बसविली. गचके थांबले, दिवा विझला. पेटी थंड झाल्यावर रबरी हातोडीनें हलकेच ठोकून पाहिली. आंत तुटक्या विटेचा खडखडाट नव्हता. गाडीचा जोरही पूर्ववत् झाला. पेटी वांचली होती. तिच्या किंमतीच्या मानानें कॉइलीचा खर्च अगदींच थोडा होता. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी आमची गत व्हावयाची, ती टळली.

कित्येक गाड्यांत पेटीचें उष्णतामान मोजणारें निराळें उपकरण असतें. तेथें प्रथम उपकरणाचीच परीक्षा करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडींत सकाळीं त्याचा आंकडा बाहेरच्या हवेइतकाच असावयास पाहिजे. थंड पेटी ७०० अंश तापली आहे असें तें सांगूं लागलें, तर खोटा साक्षीदार तें उपकरण किंवा त्याची तुटकी तार होय. पेटी निर्दोष असूं शकेल.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवावी, उघडझांप करीत असेल तर वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून थांबावें. बिघडलेला सिलिंडर ओळखण्यासाठीं चालू इंजिनाच्या प्लगची तार काढून ठेवण्याची जुनी रीत आतां सोडावी, कारण तें न जळालेलें पेट्रोल थेट पेटींतच जातें.

दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर सर्व मुलांसमक्ष आम्हीं चालकाची क्षमा मागितली. साक्ष ऐकल्यावांचून न्याय करूं नये, हें आम्ही बायबलच्या तासास वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तोच धडा आम्हांस एका कॉइलीनें पुन्हां घालून दिला. विद्यार्थिमित्रहो, जेथें ताप दिसतो तेथेंच दोष असतो असें नाहीं. मोटारींतही नाहीं, आणि माणसांतही नाहीं.